नव्या थेरपिस्टला मुलासमोर बसवण्याआधी

दरवर्षी निकाल लागले की आमच्या परळच्या, मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये नव्या मुली कामाला येतात. कुणी ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, म्हणजे रोजच्या हालचाली आणि कामं जमवून देणारी थेरपी) केलेली असते, कुणी स्पीच, कुणी स्पेशल बी.एड., एखादी मानसशास्त्रात एम.ए. मुलगे कमी येतात, पण येतात. ऑटिझमची, म्हणजे मेंदूची घडण वेगळी असल्याने संवाद आणि वागणं वेगळं असण्याची, लक्षणं सगळ्यांना पाठ असतात. आणि तरीही चार वर्षांचा एखादा मुलगा पाठ फिरवून खिडकीशी उभा राहिला, की या मुली त्याच्या तोंडासमोर चित्राचं कार्ड धरतात आणि विचारत सुटतात, "हे काय आहे? सांग ना, हे काय आहे?"

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि गेली बरीच वर्षं नव्या लोकांना तयार करणं हेच माझं मुख्य काम झालंय. ज्यांच्या हाताखाली असे ज्युनिअर येतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे: सेंटर चालवणारे, विशेष शाळांच्या मुख्याध्यापिका, रुग्णालयाच्या विभागातले सीनिअर. मुलांसोबत काय करायचं यावर आपण खूप बोलतो. नवा माणूस कसा तयार करायचा याबद्दल मात्र "येईल हळूहळू, बघून बघून" एवढ्यावरच भागवतो. तसं येत नाही. त्याची किंमत मुलं मोजतात, आणि बदलापूर-विरारहून गर्दीच्या लोकलमधून मुलाला कडेवर घेऊन येणाऱ्या आया मोजतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सुरुवातीचे काही आठवडे तंत्र शिकवूच नका. पाहायला शिकवा, थांबायला शिकवा, घरच्यांशी बोलायला शिकवा. तंत्र त्यानंतर पटकन बसतं, आणि योग्य जागी बसतं.

वही आणि कोपऱ्यातली खुर्ची

पहिले दोन आठवडे ज्युनिअरला कोपऱ्यात बसवा. हातात वही. सीनिअरच्या सत्रातली वीस मिनिटं पाहायची आणि जे दिसलं, ऐकू आलं, तेवढंच लिहायचं. विशेषणांना बंदी. मुलाच्या मनात काय चाललं असेल त्याचे अंदाजही नकोत.

पहिल्या दिवशीच्या वह्या सारख्याच असतात. "हट्टी आहे. ऐकत नाही. अटेन्शन शून्य. मूड नव्हता." मी त्या प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहिते: तू काय पाहिलंस? मग तीच वीस मिनिटं, शक्य असेल तर व्हिडिओवर, पुन्हा पाहायला लावते. दुसऱ्यांदा लिहिलेलं साधारण असं असतं: "खिडकीजवळ गेला. पंख्याकडे पाहिलं. ताईंनी नावाने हाक मारली, वळला नाही. बाहेर कुकरची शिट्टी झाली, दोन्ही कान दाबले. ताईंनी चेंडू सरकवला. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. चेंडू पायाने परत ढकलला."

शेवटचं वाक्य बघा. "अटेन्शन शून्य" लिहिलं तेव्हा ते कुठेच नव्हतं. मुलाने चेंडू परत पाठवला, म्हणजे देवाणघेवाण सुरू झाली होती. उद्याचं सत्र इथूनच सुरू व्हायला हवं. आणि कुकरच्या शिट्टीचं वाक्य थेट ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जायला हवं, कारण आवाज सहन न होणं आणि हाकेला न वळणं या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. नव्या लोकांना हे विचित्र वाटतं. शिट्टीला कान दाबतो, म्हणजे ऐकू येतंच, असं त्या परस्पर ठरवून टाकतात. तिथेच थांबवा. बोलायला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी झालेली असलीच पाहिजे. फाइलमध्ये तिचा कागद नसेल तर पहिलं काम तेच. मुंबईत त्यासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था आहे, नायर रुग्णालयाचा वाचा-श्रवण विभाग आहे. ज्युनिअरला तिथे एकदा प्रत्यक्ष पाठवा. म्हणजे लहान मुलाला झोपवून करायची तपासणी काय असते आणि आईला त्यासाठी काय तयारीने यावं लागतं, हे तिला नीट सांगता येईल.

विशेषणं गळाली की वहीत तीन रकाने आखायला सांगा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय घडलं. एका मुलीचं उदाहरण देते, ओळख लपवून. ती चावायची. ज्युनिअरच्या मते "कारण नसताना". तीन रकाने आठवडाभर भरल्यावर दिसलं, की झोका थांबवून खाली उतरवलं की चावणं येतं, आणि चावल्यावर सगळे गडबडतात, तिला पुन्हा झोक्यावर बसवतात. म्हणजे चावणं ही तिची भाषा होती, आणि ती भाषा चालतही होती. मग काय शिकवायचं हे उघडच होतं: झोका संपणार आहे हे आधी कळवणं, आणि "आणखी" मागायची दुसरी, सोपी पद्धत. ज्युनिअरने हे स्वतःच्या वहीतून शोधलं. मी व्याख्यानात सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि सोडून दिलं असतं.

या रकान्यांना एक धोक्याची सूचना जोडा, आणि ती वारंवार सांगा. आजवर न केलेली गोष्ट मूल अचानक करू लागलं, उदाहरणार्थ डोकं आपटणं, कानशिलावर मारून घेणं, रात्रभर न झोपणं, तर आधी शरीर तपासायचं. कान फुटलाय का, दाढ दुखतेय का, चार दिवस शौचाला झालेली नाही का. ज्याला "दुखतंय" म्हणता येत नाही तो असंच सांगतो. मूल क्षणभर शून्यात बघतं आणि हाक, स्पर्श कशालाच प्रतिसाद देत नाही असं दिसलं तर लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, कारण ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, वाट पाहायची नाही. थेरपिस्टने निदान करायचं नाही, पण डॉक्टरपर्यंत नेमकी माहिती पोचवणं हे तिचंच काम आहे.

प्रश्न कमी, थांबणं जास्त

आता ज्युनिअरला जमिनीवर बसवा, मुलाशेजारी. पाच मिनिटं खेळायचं आणि मोबाइलवर शूटिंग करायचं. पालकांची लेखी परवानगी घेऊनच, आणि तो व्हिडिओ सेंटरच्या बाहेर जाणार नाही ही खात्री देऊन. नंतर तिच्याशेजारी बसून व्हिडिओ पाहा आणि तिलाच मोजू द्या: मुलाला किती प्रश्न विचारले, किती सूचना दिल्या, आणि उत्तरासाठी किती वेळ थांबली. हा आकडा मी कधीही स्वतः मोजून सांगत नाही. स्वतः मोजल्यावर जो चेहरा होतो, तो माझ्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतो.

दुसऱ्या फेरीत नियम: एकही प्रश्न नाही. मूल जे करतंय ते आपण करायचं. त्याने वाटी उलटी ठेवली, आपणही ठेवायची. त्याने चमचा वाजवला, आपणही वाजवायचा. मग थांबायचं, मनात सावकाश दहा आकडे मोजत. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं समजून घेऊन उत्तर द्यायला वेळ लागतो. आपण मध्येच दुसरं वाक्य टाकलं की त्याची आधीची जुळवाजुळव मोडते आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. नव्या थेरपिस्टला ही शांतता असह्य होते. बाहेर आई काचेतून बघतेय, पैसे भरून आलीय, आणि मी नुसती बसलेय, हे तिच्या डोक्यात फिरत असतं. म्हणून आईलाही आधी सांगून ठेवा, की आज ताई मुद्दाम गप्प बसणार आहे आणि का.

खेळणी महागाची नकोत. स्टीलच्या वाट्या, डब्याची झाकणं, कापसाची पिशवी, साबणाचे फुगे, आजीचा जुना दुपट्टा. आठवड्यानंतर आईला "हे घरी करा" म्हणायचं असतं, आणि परदेशी लाकडी पझल तिच्या घरी नसतं.

काही गोष्टी मी ठामपणे बंद केल्या आहेत. हनुवटी धरून "माझ्याकडे बघ" नाही. पुष्कळ मुलांना नजरेला नजर देणं त्रासाचं असतं आणि न बघताच ती जास्त नीट ऐकतात. मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांनीच हे वारंवार सांगितलंय. प्रशिक्षणात अशा एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला बोलवा, मानधन द्या, आणि तिला लहानपणीच्या थेरपीबद्दल बोलू द्या. माझ्या ज्युनिअर त्या तासानंतर ज्या बदलतात त्या कुठल्याही पुस्तकाने बदलत नाहीत. हात धरून जबरदस्तीने रेघ मारून घेणं नाही. रडणाऱ्या मुलाला "सत्र पूर्ण झालंच पाहिजे" म्हणून बसवून ठेवणं नाही. हात हलवणं, गोल फिरणं, उड्या मारणं यांनी कुणाला इजा होत नसेल तर ते थांबवणं हे आपलं ध्येय असूच शकत नाही. त्याने मुलाला शांत व्हायला मदत होते.

आता ऐकलेलं तसंच पुन्हा पुन्हा म्हणण्याबद्दल. आमच्याकडे एक मुलगा दिवसभर लोकलची उद्घोषणा म्हणायचा. "पुढील स्टेशन, दादर. अगला स्टेशन, दादर." ज्युनिअरने वहीत लिहिलं, "निरर्थक बडबड". मी म्हटलं, कोणकोणत्या वेळी म्हणतो ते लिही. दोन आठवड्यांत दिसलं, की काम नकोसं झालं, बाहेर जायचं असलं, की दादर येतं. त्याच्या घरच्यांना दादरला उतरायचं असतं. ही उद्घोषणा आली की उठायचं, दाराशी जायचं, एवढा अर्थ त्याने पक्का केला होता. मग ज्युनिअर त्याचं ऐकून म्हणायला लागली, "संपलं, जाऊ या," आणि खरोखरच दार उघडायला लागली. काही काळाने "जाऊ या" त्याच्या तोंडी आलं. पाठ केलेल्या वाक्यांतून भाषा उमलते असं बऱ्याच मुलांचं असतं, म्हणून ती वाक्यं दाबायची नाहीत, उलगडायची.

न बोलणाऱ्या मुलांसाठी चित्रं, आणि चित्राला बोट लावलं की शब्द बोलून दाखवणारं ॲप, पहिल्या महिन्यातच शिकवा. "चित्रं दिली तर बोलायचा आळस करेल" ही भीती पालकांना असते आणि खेद वाटतो, की काही व्यावसायिकांनाही असते. अभ्यासांत असं दिसलेलं नाही. बोलणं कमी होत नाही, काही मुलांत वाढतंच. चित्र देऊन वस्तू मागण्याची पेक्स पद्धत १९८५ पासून वापरात आहे. आपल्या पवईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप मराठीतही चालतं. ज्युनिअरने स्वतः एक पूर्ण दुपार तोंड न उघडता फक्त चित्रं आणि ॲपवर काढावी. चहा मागावा, पंखा लावायला सांगावा, "मला कंटाळा आलाय" म्हणून दाखवावं. दुपारनंतर तिला कळतं, की सेंटरच्या चित्रांच्या बोर्डवर "पाणी", "शू", "खाऊ" आहे, पण "नको", "थांब" आणि "दुखतंय" नाही. ते शब्द आधी लावा. नकार देता येणं हा मुलाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

घरात कोणती भाषा?

मुंबईत हा विषय टाळताच येत नाही. घरी मराठी, इमारतीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आजोळी कोकणी किंवा मालवणी. मूल बोलत नाही म्हटल्यावर कुणीतरी आईला सांगतं, "एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला." मग जी आई मराठीत गाणी म्हणत होती, चिऊकाऊच्या गोष्टी सांगत होती, ती "कम, सिट, ईट" एवढंच बोलू लागते. घरातली आजी तर गप्पच होते.

ज्युनिअरला स्पष्ट शिकवा: एकाहून जास्त भाषा कानावर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा मागे पडते असा पुरावा नाही. आईला जी भाषा सहज, भरभरून येते ती मुलाला हवी. थेरपिस्टने मुलाच्या घरातले शब्द विचारून घ्यायचे. पाण्याला तो "मम" म्हणतो की "पापा", झोपेला "गाई" की "जोजो". आमच्या सेंटरच्या पहिल्या फॉर्ममध्ये हे विचारलेलं असतं आणि सत्रात तेच शब्द वापरतात. ज्युनिअर मराठी न बोलणारी असेल तर तिने हे वीसेक शब्द तरी शिकायचेच.

आईबाबांशी बोलणं

हा भाग मी सर्वांत जास्त वेळ शिकवते.

साधं गणित मांडा. आठवड्यातून पाऊण तासाची दोन सत्रं, म्हणजे दीड तास. मूल आठवड्यात ऐंशी-नव्वद तास जागं असतं. उरलेला वेळ ते ज्यांच्याबरोबर असतं त्यांना आपण काय दिलं, यावर सगळं ठरतं. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ कुटुंबांबरोबर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विशेषज्ञ नसलेल्या, पण नीट तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन पालकांना मुलाशी खेळायची, प्रतिसाद द्यायची पद्धत शिकवली. पालकांचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं आणि मुलंही स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. मला यातून दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात: पालकांना शिकवता येतं, आणि पालकांना शिकवणारा माणूसही तयार करता येतो. त्यासाठी दर वेळी मोठ्या पदवीची गरज नसते, पण चांगल्या देखरेखीची असते.

सुरुवात नावापासून. आपल्या फाइलींत आई म्हणजे "अमुकची मम्मी". ज्युनिअरने पहिल्याच भेटीत तिचं नाव विचारायचं आणि पुढे त्या नावाने, ताई लावून, बोलायचं. मग तिचा आठवडा विचारायचा: सोमवारी ठाण्याला ओटी, बुधवारी दादरला स्पीच, शनिवारी इथे, मधल्या दिवशी मोठ्या मुलीचा क्लास, सासूबाईंचं औषधपाणी. हे कागदावर उतरवल्याशिवाय "घरी रोज अर्धा तास करा" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. घरचं काम आंघोळ, जेवण, चपला घालणं, दूधवाला येणं यांच्यातच बसवायचं. बादलीतलं पाणी अंगावर ओतायच्या आधी थांबायचं, मुलाने बघितलं किंवा आवाज केला की ओतायचं. यासाठी वेगळा अर्धा तास लागत नाही.

प्रत्येक ज्युनिअरला निदान काही घरं दाखवा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, टीव्ही चालू, शेजारच्या खोलीत लग्नाची गडबड, शौचालय मजल्याच्या टोकाला. तिथे गेल्यावर कळतं, की "शांत कोपरा करा" हा सल्ला का पाळला गेला नाही. मग ज्युनिअरच सुचवते, की पलंगाखाली चादर सोडून जागा करू या. गणपतीत ढोल-ताशे दारावरून जातात, दिवाळीत फटाके. त्याआधी पंधरा दिवस मुलाला चित्रांतून काय होणार ते दाखवणं, कानावर लावायचे मफ आणून ठेवणं, मिरवणूक निघायच्या वेळी मावशीकडे जायचं ठरवणं, हे सगळं थेरपीच आहे.

कठीण प्रश्नांचा सराव करून घ्या. त्यासाठी आम्ही एका अनुभवी आईला बोलावतो, तिचा मुलगा आता मोठा आहे, आणि या कामाचे तिला पैसे देतो. ती समोर बसते आणि विचारते: "बोलेल का हो?" "माझ्यामुळे झालं का? मी मोबाइल द्यायचे." "सासूबाई म्हणतात, ह्याचे बाबाही उशिराच बोलले, थांबा." "साध्या शाळेत जाईल का?" आणि शेवटी, "आमच्यानंतर याचं काय?"

ज्युनिअर दोन चुकीच्या टोकांना जातात. एकतर "होईल सगळं ठीक", नाहीतर पुस्तकातली यादी. मी शिकवते ते असं: जे ठाऊक आहे ते सरळ सांगा, पुढचं भविष्य सांगू नका, आणि आज काय दिसतंय ते नेमकं सांगा. "केव्हा बोलेल ते मला आज सांगता येणार नाही. पण मागच्या महिन्यात तो काही हवं असलं की रडायचा, आता तुमचा हात धरून नेतो. तो सांगायला लागलाय. पुढे चित्र द्यायला शिकवू." आईच्या अपराधी भावनेला मात्र घाई न करता, निःसंदिग्ध उत्तर हवं: आईच्या वागण्याने ऑटिझम होत नाही, लसीने होत नाही. मेंदूची घडण गर्भापासूनच वेगळी होत असते आणि त्यात जनुकांचा मोठा वाटा आहे. मोबाइलवर जाणारा वेळ कमी करून तो माणसांबरोबर घालवला तर मुलाला फायदा होतो, पण म्हणून आई दोषी ठरत नाही. आणि थांबायला सांगणाऱ्या सासूबाईंनाही एकदा सत्राला बोलवा. बाराव्या महिन्यापर्यंत बोट दाखवणं-टाटा करणं नाही, सोळाव्यापर्यंत एक शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्दांची जोडणी नाही, तर थांबायचं नसतं, हे आजीला प्रेमाने सांगितलं की ती आपली सर्वांत मोठी मदतनीस होते.

पालक कुठे कुठे पैसे घालवतात तेही ज्युनिअरला माहीत हवं. स्टेम सेल, शरीरातले धातू काढण्याची औषधं, ऑक्सिजनची बंद पेटी: यांतलं काहीही ऑटिझमवरचा सिद्ध उपचार नाही, आणि काहींत धोका आहे. घरचे दागिने गहाण पडण्याआधी हे कुणीतरी शांतपणे सांगितलं पाहिजे. "कशाला गेलात?" हा प्रश्न मात्र कधीही नाही.

कागदपत्रं आणि मर्यादा

कायद्याचं एक दुपारचं सत्र पुरतं, पण ते व्हायलाच हवं. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याखाली चालते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे. नोंदणी क्रमांक पालकांना दिसेल असा भिंतीवर लावा. महिन्याभराचा कोर्स केलेल्या व्यक्तीला एकटीला खोलीत मूल देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे, त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता येतात. ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी आयसा ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची वर्षाला एक लाखापर्यंतची निरामय आरोग्यविमा योजना, अठरा वर्षांनंतरचं कायदेशीर पालकत्व, या तिन्हींचे अर्ज ज्युनिअरने एकदा स्वतः भरून पाहावेत. आई विचारेल तेव्हा "ऑनलाइन आहे" एवढं उत्तर पुरत नाही.

खोलीच्या दाराला काच हवी. मुलाला शूला नेणं, कपडे बदलणं हे कोण करणार आणि कसं, याचा लेखी नियम हवा. न बोलणाऱ्या मुलांचं शोषण होऊ शकतं आणि पोक्सो या मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याने अशी गोष्ट कळवणं बंधनकारक आहे, हे पहिल्या आठवड्यातच सांगा.

सगळी कामं थेरपिस्टचीच नाहीत

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या मोठ्या पाहणीत २ ते ९ वर्षांच्या साधारण आठातल्या एका मुलाला मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित काही ना काही अडचण दिसली. एवढ्या मुलांना पुरतील इतके थेरपिस्ट ना मुंबईत आहेत, ना महाराष्ट्रात. म्हणून अंगणवाडी सेविका, पालिकेच्या बालवाडीतल्या शिक्षिका, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकातले डॉक्टर आणि नर्स यांचं प्रशिक्षणही आपल्यालाच करायचंय, आणि ज्युनिअरला त्या प्रशिक्षणात बरोबर न्यायचंय. सेविकेला थेरपी शिकवू नका. तिला तीन गोष्टी द्या: कोणत्या खुणा दिसल्या की पाठवायचं, कुठे पाठवायचं, आणि मूल वर्गात असताना काय सोपं करायचं. दिवसभराचा क्रम चित्रांत लावणं, एका वेळी एकच सूचना देणं, खिचडीचा वास सहन न होणाऱ्या मुलाला दाराजवळ बसवणं. ती हे उत्तम करते, कारण ती त्या वस्तीतली आहे आणि घर ओळखते.

मूल सोपवताना

साधारण तीन महिन्यांनी ज्युनिअरला स्वतंत्र मूल द्यावं की नाही, हे ठरवायला मी परीक्षा घेत नाही. तिने लिहिलेली उद्दिष्टं वाचते. "डोळ्यांचा संपर्क वाढवणे", "अटेन्शन सुधारणे" असं लिहिलं असेल तर आणखी थोडा काळ शेजारी बसवते. "परळ स्टेशनच्या पुलावर आईचा हात धरून जिना उतरेल", "डबा उघडून हवा असेल तर 'दे' चं चित्र देईल" असं लिहिलं असेल, ते आईबरोबर बसून ठरवलं असेल, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टने व विशेष शिक्षिकेने त्याच कागदावर आपापलं लिहिलं असेल, तर ती तयार आहे. एकाच मुलासाठी तीन जणींची तीन वेगळी उद्दिष्टं, असा प्रकार आपण मोडून काढला पाहिजे. आठवड्यातून एक तास सगळ्यांनी एकत्र बसा आणि एकाच मुलाबद्दल बोला.

सुरुवातीला दिवसाला चार-पाच मुलांपेक्षा जास्त देऊ नका. मधे लिहायला वेळ द्या. हातावर चावा घेऊन, ओरखडे घेऊन, एखाद्या वडिलांचं रागाचं बोलणं ऐकून ती घरी जाते, त्याबद्दल बोलायला आठवड्यातला ठरलेला तास हवा, आणि तो कामाच्या वेळेतच हवा. प्रशिक्षणाच्या नावाखाली बिनपगारी राबवून घेणं तर पूर्णपणे बंद व्हायला हवं. ज्या मुली वर्षभरात हे क्षेत्र सोडून जातात त्यांतल्या बऱ्याच जणी मुलांना कंटाळून गेलेल्या नसतात. मुलाला पुन्हा नवी ताई, पुन्हा नवा आवाज, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे आपण मुलावरच लादत असतो.

स्वतंत्र सत्रं सुरू झाली तरी महिन्यातून एक व्हिडिओ मागवत राहा, पाच मिनिटांचा, न निवडलेला. आणि दर तीन महिन्यांनी एक व्हिडिओ घरचा मागवा, आईने, बाबांनी किंवा ताई-दादाने काढलेला. तो ज्युनिअरबरोबर बसून पाहा, आणि सत्रात जे शिकवलं त्यातलं काय तिथे दिसतंय ते तिलाच शोधू द्या. काहीच दिसलं नाही, तर पुढच्या महिन्याची योजना त्याच व्हिडिओसमोर बसून, आईला फोनवर घेऊन, नव्याने लिहा.